मानसिक आरोग्य संघटना, महाराष्ट्रातील

मानसशास्त्राचा अभ्यास व उपयोजन, मनोविकारांची चिकित्सा आणि मनोरुग्णांचे पुनर्वसन या कार्यांसाठी तज्ज्ञांनी, शासनाने व रुग्णांच्या आप्तांनी वेळोवेळी उभारलेल्या संघटना, संस्था व साधने. महाराष्ट्रात यांचा इतिहास मुख्यत्वे मुंबई व पुणे या दोन शहरांत घडला. तथापि त्याचे मोजमाप या शहरांतून न करता एखाद्या दूरच्या जिल्ह्यातून करणे अधिक उद्‌बोधक ठरते. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी हिंगोली जिल्ह्याचा दृष्टिकोन स्वीकारला आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत असे त्याचे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ होती. तीपैकी फार मोठा भाग ग्रामीण असून कापूस, सोयाबीन, तूर व हळद या पिकांवर त्याची उपजीविका अवलंबून आहे.

हिंगोली हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील गाव. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी तेथे होती, म्हणून बाहेरच्या जगाला त्याचे नाव परिचित झाले. ब्रिटिश मुलखात मात्र याच काळात मनोरुग्णांसंबंधी वेगळी व्यवस्था आकार घेत होती. १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची स्थापना व तेथील प्रवेश यांचे नियमन झाले. मुंबईत कुलाबा येथे असे इस्पितळ होते. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि पुण्याजवळील येरवडा ही आजची चार प्रादेशिक मनोरुग्णालये याच परंपरेतील होत. त्यांतील मंजूर खाटांची संख्या दीर्घकाळ येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० व रत्नागिरी ३६५ अशी राहिली. १९१२ च्या वेड्यांसंबंधीच्या कायद्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशान्वये प्रवेश ही पद्धती रूढ केली. रस्त्यावर भटकणाऱ्या भ्रमिष्टाला पोलिसाने पकडावे, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे व तेथून इस्पितळात पाठवावे, असा तो क्रम होता. रुग्णाची पहिली गाठ वैद्याशी न पडता पोलिसाशी पडे. या क्रमाची भीती लोकांच्या मनात पुढे कित्येक दशके टिकून राहिली आणि ‘येरवड्याला पाठवणे’ या शब्दप्रयोगाला मराठीत तुरुंग व मनोरुग्णालय असे दोन्ही अर्थ चिकटले.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नव्या राज्याला मिळालेल्या या चारही मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. हिंगोलीहून नागपूर सु. ३०० किमी. तर पुणे ४०० किमी. हून अधिक दूर आहे. रुग्णाला घेऊन निघालेल्या शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हे अंतर केवळ किलोमीटरांचे नसते. त्यात बुडालेली मजुरी, सोबत जाणारी दोन माणसे, वाटेत रुग्ण आवरेल की नाही ही चिंता आणि गावात परतल्यावर द्यावी लागणारी उत्तरे यांचाही समावेश होतो. मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या व नातेवाइकांनी परत न नेलेल्या रुग्णांचा प्रश्न या अंतराशी निगडित आहे. त्याचा सगळा दोष नातेवाइकांच्या निष्ठुरतेवर टाकण्याची प्रथा न्याय्य म्हणता येणार नाही.

व्यावसायिक संघटनांचा उदय : भारतात मानसशास्त्राचे अध्यापन व संघटन यांचा आरंभ कलकत्त्यात झाला. तेथील विद्यापीठात सु. १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये भारतीय मानसशास्त्रीय संघटना स्थापन झाली व त्यापाठोपाठ तिचे नियतकालिकही सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञांचे संघटन प्रथम इंग्लंडमधील संस्थेची शाखा म्हणून १९३९ मध्ये झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९४७ मध्ये, दिल्ली येथे भारतीय मनोविकारतज्ज्ञ संस्था स्थापन झाली. नगेंद्रनाथ दे हे तिचे पहिले अध्यक्ष होत. महाराष्ट्र हा तिच्या पश्चिम विभागात मोडतो. मुंबई, पुणे व नागपूर येथील मनोविकारतज्ज्ञांच्या स्वतंत्र स्थानिक संघटनाही आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६८ मध्ये निघाली. मानसशास्त्राच्या मराठीभाषक अध्यापकांना व अभ्यासकांना एकत्र आणण्याचे कार्य मराठी मानसशास्त्र परिषदेने केले आहे.

मुंबईतील आरंभीच्या कार्यात दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ मध्ये निघालेल्या समाजकार्य विद्यालयाने (नंतरची टाटा समाजविज्ञान संस्था) १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. तेथे वैद्य, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून एकाच मुलाचा विचार करावयाचा, ही पद्धती रुजली. दुसरी गोष्ट सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग काढण्याची. १९३३ मध्ये बोस यांनी कलकत्त्यात केलेल्या प्रयोगानंतर १९३८ मध्ये के. आर्. मसानी यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असा विभाग सुरू केला. पुढे के. ई. एम्. रुग्णालयात एन्. एस्. वाहिया यांनी या विषयाचा स्वतंत्र विभाग वाढविला. पतंजलीच्या योगविषयक संकल्पनांच्या आधारे त्यांनी विकसित केलेली मानसोपचारपद्धती तज्ज्ञांत चर्चेचा विषय झाली [→ मानसचिकित्सा]. वरवर साध्या दिसणाऱ्या या बदलाचा परिणाम दूरगामी झाला. ताप-खोकल्याच्या रुग्णांच्याच रांगेत उभे राहून मनाचा विकार दाखविता येऊ लागला व दंडाधिकाऱ्याची गरज उरली नाही. मराठवाड्याला हा लाभ औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर क्रमाने मिळू लागला. त्यानंतर अंबेजोगाई येथे व १९८८ मध्ये नांदेड येथे महाविद्यालये निघाली. हिंगोलीहून नांदेड सु. ९० किमी. अंतरावर आहे.

पुणे विद्यापीठात १९५० मध्ये वा. कृ. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, तर मुंबई विद्यापीठात १९५९ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने (१९६२) वि. वि. पेंडसे या मानसशास्त्रज्ञाच्या प्रेरणेने बुद्धिमापन व शिक्षण यांची सांगड घातली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये आज नांदेड विद्यापीठाशी संलग्न आहेत. कला शाखेत मानसशास्त्र हा विषय घेणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांपुढे पदवीनंतरचा मार्ग बहुधा अध्यापनाचाच असतो. कारण रुग्णसेवेसाठी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे (१९९२ चा अधिनियम) चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी व्हावयास जे विशेष प्रशिक्षण लागते, ते मोजक्याच व बव्हंशी मोठ्या शहरांतील संस्थांत मिळते. ‘समुपदेशक’ ही पाटी लावण्यावर तर दीर्घकाळ कसलेच बंधन नव्हते. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक अधिनियमाने प्रथमच नोंदणीच्या कक्षेत आणले.

स्वयंसेवी संस्था : व्यावसायिक संघटना तज्ज्ञांच्या हिताकडे व ज्ञानवृद्धीकडे पाहतात. रुग्णाच्या घरात काय घडते याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय महाराष्ट्रात बहुतांशी स्वयंसेवी संस्थांना द्यावे लागते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या परस्परसाहाय्य संघटनेचे भारतातील कार्य १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाले. मद्यासक्ताने मद्यासक्ताला सावरावयाचे, हे तिचे तत्त्व. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व लेखक अनिल अवचट यांनी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांच्या न्यासाचे साहाय्य त्यास लाभले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही कल्पना सामान्य मराठी वाचकापर्यंत पोहोचली ती या केंद्रामुळे आणि अवचटांच्या लेखनामुळे. ठाणे येथे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. व्याख्याने, नाटके व पुस्तके या मराठी मध्यमवर्गाला प्रिय असलेल्या माध्यमांतून मानसिक आरोग्याचा प्रसार हे तिचे वैशिष्ट्य होय.

छिन्नमानस या विकाराच्या क्षेत्रातील कार्याचा धागा थेट कॅनडापर्यंत पोहोचतो. कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या कुटुंबात हा विकार अनुभवला होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. शुभार्थी (रुग्ण) व शुभंकर (त्याची काळजी घेणारा) हे या वर्तुळात रुळलेले शब्द मराठीला मिळालेली लहानशी परंतु मोलाची देणगी आहे. ‘वेडा’ व ‘वेड्याचा बाप’ यांहून निराळे काही म्हणण्याची सोय त्यांनी करून दिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या देवराई (२००४) या चित्रपटामागेही वाणी यांची प्रेरणा होती. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून उपचार करणे व बरे झाल्यावर त्यांचे घर शोधून तेथे पोहोचविणे, हे कार्य डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ मध्ये सुरू केले. कर्जत येथील केंद्रातून २००६ पासून ते चालते. यासाठी वाटवानी यांना २०१८ चा रेमन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. ज्या रुग्णाला १९१२ च्या कायद्याने पोलिसाच्या स्वाधीन केले होते, त्यालाच येथे परतीचे तिकीट मिळाले.

कायदा व शासकीय सेवा : १९१२ चा कायदा स्वतंत्र भारतातही टिकून होता. त्याच्या जागी आलेला मानसिक आरोग्य अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला, परंतु अंमलात येण्यास १९९३ साल उजाडले. दरम्यान एक उल्लेखनीय निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाने आत्मदहनाचा प्रयत्न केला होता व त्याबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला होता. आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंडसंहितेतील कलम ३०९ हे संविधानाशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये असेच मत दिले, परंतु १९९६ मध्ये मोठ्या पीठाने ते फिरविले. अखेरीस २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने (अंमल २९ मे २०१८ पासून) असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिला शिक्षा करू नये, अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यात अडविण्यासाठी केलेला प्रयत्न सोडता, हा गुन्हाच उरला नाही. १९८६ मध्ये मुंबईत जे म्हटले गेले, ते विधिमंडळाच्या मार्गाने देशभर मान्य झाले. २०१७ च्या अधिनियमाने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली, उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला आणि स्वतःवर कोणते उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. हा अधिनियम घडविण्याच्या कामी पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा सहभाग होता.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये घोषित झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगावर आधारलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून अंमलात आला व टप्प्याटप्प्याने विस्तारला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकार-समाजकार्यकर्ता व परिचारिका यांचे पथक जिल्हा रुग्णालयात असावे व त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यांना शिकवावे, अशी त्याची योजना आहे. कागदावर ती निर्दोष आहे. पदे भरली जाणे व भरलेली टिकणे यावर तिचे यश ठरते आणि दूरच्या जिल्ह्यांत नेमके येथेच घोडे अडते. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०·६ टक्के व्यक्तींना त्यावेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले व बहुसंख्य रुग्ण उपचारांवाचून असल्याचे दिसून आले. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही बाब राज्यासंबंधी विधाने करताना सहसा विसरली जाते.

शेतकरी व मानसिक आरोग्य : हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा विषय सार्वजनिक चर्चेत आला तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार २००५ मध्ये या आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल सादर केला. पुढील वर्षापासून मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये साहाय्य देण्याची शासकीय पद्धती स्थिरावली. त्यासाठी नापिकी, कर्जफेडीची असमर्थता व वसुलीचा तगादा यांची चौकशी होऊन प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. मृत्यूलाही पात्रता लागावी, ही गोष्ट शासकीय भाषेच्या अंगवळणी पडली आहे. या निकषांचा एक अप्रत्यक्ष परिणाम असा, की मृताला आधीपासून खिन्नता किंवा व्यसन जडले होते हे सांगणे कुटुंबाला परवडत नाही. तसे सांगितल्यास प्रकरण अपात्र ठरण्याचे भय असते. त्यामुळे कर्जाची नोंद राहते, मनाची राहत नाही. दुसऱ्या बाजूला, सर्व दोष मनोविकारावर ढकलून भाव, पाणी व पतपुरवठा यांचे प्रश्न झाकण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. कर्जाने खिन्नता येते, खिन्नतेने शेत पडून राहते व त्यातून कर्ज वाढते. या चक्रातील एकच आरा निवडून त्याला कारण म्हणणे शास्त्राला धरून नाही.

शासनाने २०१५ मध्ये मराठवाड्यातील आठ व विदर्भातील सहा अशा चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ ही शेतकरी समुपदेशन सेवा सुरू केली. हिंगोली हा त्यांपैकी एक जिल्हा होय. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन नऊ प्रश्नांची प्रमाणित खिन्नता-मापनश्रेणी भरावयाची, जोखमीच्या व्यक्तींना जिल्हा रुग्णालयातील पथकाकडे पाठवावयाचे व १०४ या दूरध्वनी क्रमांकावरून समुपदेशन द्यावयाचे, असा तिचा आराखडा होता. येथे भाषेचा प्रश्न पुढे येतो. ग्रामीण स्त्री-पुरुष ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतात. जिवाला करमत नाही, डोके भणभणते, काळजात धडधडते, हातपाय गळाल्यासारखे होतात, अशा शरीराच्या बोलीत दुःख सांगितले जाते. इंग्रजीत रचलेली व मराठीत उतरविलेली प्रश्नावली या बोलीच्या कानाने वाचून दाखविणारी आशा कार्यकर्ती गावचीच असते, हे या योजनेचे खरे बळ आहे. तिच्यापुढे शेजारच्या घरातील गुपित उघड होते, ही तिची मर्यादाही आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात इंडियन लॉ सोसायटीच्या उपर्युक्त केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात राबविलेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातीलच स्वयंसेवकांना ऐकून घेण्याचे व साध्या समुपदेशनाचे शिक्षण दिले गेले. गावातील माणसाचा उपयोग हे तत्त्व दोहोंत समान आहे.

तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी देवऋषी, मांत्रिक, दर्गा किंवा महानुभाव पंथाची काही स्थाने यांकडे जाण्याची रीत मराठवाड्यात सर्रास आढळते. अंगात येणे, बाहेरची बाधा, करणी या कल्पनांत रुग्णाला निदान काही अर्थ तरी सापडतो आणि त्याला नेणारे लोक त्याच्यासोबत राहतात, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. मात्र मारहाण, चटके, धुरी अशा अघोरी उपायांना २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी घातली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा पुण्यात खून झाल्यानंतर काही दिवसांतच त्यासंबंधी वटहुकूम निघाला व डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र शासनाने टेलि-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य व मराठीतूनही समुपदेशन मिळू शकते. गावातल्या कोणाला न कळता बोलता यावे, ही गरज ती काही अंशी भागविते. औषधाची व तपासणीची गरज अर्थातच भागवू शकत नाही. हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास २०२४ मध्ये मान्यता मिळून त्याचे उद्‌घाटन झाले. वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार अशा प्रत्येक महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र विभाग असणे आवश्यक असते.